आमरी व तिचा अदृश्य अन्नदाता

आमच्या शाळेच्या आवारात विहिरीजवळ एक जुना आंबा आहे. काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या वादळात घाटातील एका झाडाची मोठी फांदी मोडून वाटेवर पडली होती, व तिच्यावर आमरीचा एक झुबका मुळांसकट शाबूत राहिला होता. सहलीस गेलेल्या मुलांनी तो फांदीच्या तुकड्यासह उचलून आणला, आणि आम्ही तो आंब्याच्या बेचक्यात काथ्याने बांधून टाकला. आमरी म्हणजे जिला पुष्कळ लोक ऑर्किड ह्या नावाने ओळखतात ती वनस्पती. आणि तिच्या अनेक जातींपैकी जिला आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात, तीच ही होती. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात तिला गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब तुरा आला, आणि मधल्या सुट्टीत मुलांची तिच्याखाली गर्दी जमू लागली. त्यापुढील वर्षी तिला दोन बोंडेही धरली. बोंडे वाळून उकलली तेव्हा त्यांतून फिक्कट रंगाची धूळ उडाली. ती धूळ म्हणजेच बी होय हे कळल्यावर मुलांनी मोठ्या आशेने वाट पाहावयास आरंभ केला. आता आंब्याच्या प्रत्येक फांदीवर वेण्या लोंबतील असा त्यांचा हिशेब होता. परंतु एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. एकही रोप उगवले नाही. बी एवढे असून ते उगवत का नाही, हा मुलांचा प्रश्न होता, व त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. पुढे वाचन करिता जे समजले ते ह्या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडावर उगवलेल्या कोणत्याही परक्या वनस्पतीस बांडगूळ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. खरे बांडगूळ आपली मुळे आश्रयदात्या झाडाच्या आत घालते व त्याचा रस शोषून घेते. सीतेची वेणी व तिच्याप्रमाणे झाडावर राहणाऱ्या इतर आमऱ्या तसे करीत नाहीत. त्यांची जाड, रुपेरी मुळे सालीस केवळ बिलगलेली असतात. ह्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते, ते पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते. पाने हिरवी असल्यामुळे सूर्यप्रकाशात त्या आपले अन्न आपणच तयार करितात. झाडापासून त्यांस हवी असते ती बसावयास जागा. आमऱ्यांच्या कुलात सुमारे २८,००० जाती आहेत, व त्यांपैकी बहुसंख्य जातींचे वास्तव्य उष्ण कटिबंधातील अरण्यांत, जमिनीपासून उंच, फांद्यांवर असते. मातीशी संबंध नाही, दुसऱ्याच्या रसावर जगणे नाही. तेव्हा ही वनस्पती पुरी स्वावलंबी असली पाहिजे असे कोणीही म्हणेल. मोठेपणी हे पुष्कळ अंशी खरेही आहे. तिचे बालपण मात्र अगदी निराळे आहे, आणि आमच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या बालपणातच दडलेले आहे.

बीज म्हणजे काय हे आमच्या विद्यार्थी वाचकांस ठाऊक आहे. हरभऱ्याचा दाणा भिजवून उकलला म्हणजे दोन जाड दळे दिसतात व त्यांच्यामध्ये इवलासा कोंब असतो. ज्वारीच्या दाण्यात कोंबाशेजारी पिठाचा साठा असतो. नारळातील खोबरे हाही तसाच साठा होय. घर सोडून दूर निघालेल्या लेकरास आई जशी शिदोरी बांधून देते, तद्वत् वनस्पती आपल्या बीजास ही शिदोरी देते. कोंबास पाने फुटून तो स्वतः मिळवू लागेपर्यंत त्याचा निर्वाह तिच्यावर होतो. आमरीच्या बीजाकडे पाहावे तर तेथे दळे नाहीत, पिठाचा साठाही नाही. थोड्याशा पेशींचा एक गोळा व त्याभोवती जाळीदार, विरळ पापुद्रा, एवढेच काय ते बीज. पेशींत तेलाचे काही सूक्ष्म कण असतात. परंतु त्यांवर रोप उभे राहणे शक्य नसते. पुष्कळ जातींच्या एका ग्रॅम बियांत लक्षावधी बिया भरतात. लेकरू घराबाहेर पडले खरे, पण शिदोरीवाचून!

असे का व्हावे? उंच फांद्यांवर जन्म काढावयाचा तर बीज तेथवर पोहोचले पाहिजे. ते पोहोचविणारा वाहक म्हणजे वारा, आणि वाऱ्यास जड ओझे चालत नाही. म्हणून आमरीने बीजाचे वजन कमी केले व संख्या वाढविली. चार्लस् डार्विन ह्यांनी ही संख्या मोजण्याची खटपट केली होती. इंग्लंडात जमिनीवर वाढणाऱ्या एका आमरीच्या एका बोंडात त्यांस सुमारे ६,२०० बिया आढळल्या, व संपूर्ण झाडाची बेरीज १,८६,३०० झाली. उष्ण प्रदेशातील जातींपुढे ही संख्या काहीच नव्हे. फ्रिट्झ म्युलर ह्या निसर्गशास्त्रज्ञांनी एका अमेरिकन आमरीच्या एकाच बोंडात १७,५६,४४० बिया असल्याचा अंदाज केला, तो डार्विन ह्यांनी आपल्या ग्रंथात दिला आहे. इंग्लंडातील त्या साध्या आमरीची प्रत्येक धड बी जर रुजली असती, तर एका झाडाच्या मुलांनी एक एकर जमीन व्यापली असती, नातवंडांनी अँगलसी नावाचे बेट व्यापले असते, आणि पणतवंडांनी पृथ्वीवरील जवळजवळ सर्व कोरडी जमीन झाकून टाकली असती, असे गणित डार्विन ह्यांनी मांडिले. मग पृथ्वी आमऱ्यांनी का झाकली गेली नाही? एवढ्या मोठ्या वाढीस कोण आवरून धरते, हे कोणास माहीत नाही असे त्या थोर संशोधकाने प्रांजळपणे कबूल केले. आमच्या मुलांनी आंब्याखाली विचारलेला प्रश्न हाच नव्हे काय?

हे अज्ञान केवळ पुस्तकी नव्हते. त्याची किंमत अरण्यांस मोजावी लागत होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातील धनिकांस आमऱ्यांचे वेड लागले होते. बियांपासून रोपे करिता येत नसल्यामुळे प्रत्येक झाड अरण्यातून ओरबाडून आणावे लागे. आल्बर्ट मिलिकन नावाच्या एका आमरी-संग्राहकाने आपल्या प्रवासाचे वृत्त १८९१ साली प्रसिद्ध केले. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या डोंगरी अरण्यात दोन महिने काम करून सुमारे दहा हजार झाडे मिळाली व ती मिळविण्याकरिता सुमारे चार हजार वृक्ष तोडले, असे तो त्यात सहज सांगून जातो. फांदीवर चढण्याऐवजी वृक्षच पाडावयाचा, हा त्या काळचा सोपा उपाय होता. आणलेल्या झाडांपैकी पुष्कळशी जहाजातच मरत, ती निराळीच.

बागाईतदारांपैकी काही चतुर माळ्यांनी बी रुजविण्याचा उद्योग चालविला होता. इंग्लंडातील जॉन डोमिनी ह्या माळ्याने दोन जातींचा संकर करून वाढविलेल्या आमरीस १८५६ साली फूल आले. माणसाने केलेल्या संकरातून फुललेली ही पहिली आमरी होय. परंतु हजारो बियांतून चारदोनच रोपे हाती लागत. माळ्यांच्या अनुभवास एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा आली. कोऱ्या, स्वच्छ मातीत पेरलेले बी फुकट जाई. तेच मोठ्या आमरीच्या कुंडीत, तिच्या मुळांशी, टाकले तर क्वचित् रुजे. आईच्या पायाशी असे काय होते, हे त्यांस सांगता येत नव्हते.

इकडे सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणाऱ्या पंडितांस आमरीच्या मुळांत बुरशीचे तंतू वारंवार दिसत होते. वनवृक्षांची मुळे व बुरशी ह्यांच्या जोडीस ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मनीतील फ्रांक ह्यांनी १८८५ साली दिले, व पुढच्याच वर्षी वार्लिख ह्या संशोधकाने आमरीच्या शेकडो जातींची मुळे तपासून त्यांत बुरशी असल्याचे दाखविले. परंतु बुरशी म्हटली की रोग, अशी समजूत असल्यामुळे तिचा संबंध बी उगवण्याशी जोडण्याचे कोणाच्या मनात आले नाही. भाकरीवर, चामड्यावर, ओल्या भिंतीवर येणारी बुरशी पाहून आपणही नाक मुरडतोच की!

हे कोडे ज्याने सोडविले तो पंचवीस वर्षांचा एक फ्रेंच तरुण होता. त्याचे नाव नोएल बेर्नार. तो त्या वेळी सक्तीची लष्करी नोकरी करीत होता. १८९९ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस, सवड मिळाली असता, तो पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या फाँतेनब्लोच्या अरण्यात हिंडावयास गेला. तेथे एक विलक्षण आमरी वाढते. तिला हिरवी पाने नसतात. सर्व झाड तपकिरी असते, व गुंतागुंतीच्या मुळांमुळे तिला पक्ष्याच्या घरट्याचे नाव पडले आहे. अशा एका झाडाचा आदल्या वर्षीचा वाळका दांडा वाकून पालापाचोळ्याखाली गाडला गेला होता. बेर्नारने पाने दूर करून त्यावरील बोंड पाहिले, तो आत बिया तशाच राहून त्यांस शेकडो कोंब फुटलेले! रानात ज्या आमरीची रोपे क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडत, तिची एवढी रोपे एका बोंडात कशी? त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरिली, व प्रत्येक कोंबात बुरशीचे तंतू शिरलेले त्यास आढळले. कोंब फुटला म्हणून बुरशी लागली असे नसून, बुरशी शिरली म्हणून कोंब फुटला, असे अनुमान त्याने केले व त्याच महिन्यात ते फ्रान्सच्या विज्ञानपरिषदेपुढे मांडिले.

एका निरीक्षणावरून काढलेले अनुमान कितीही आकर्षक असले तरी ते सिद्धान्त होत नाही, हे बेर्नार ओळखून होता. पुढील वर्षांत त्याने आमरीच्या मुळांतून बुरशी वेगळी काढून काचेच्या नळ्यांत वाढविली. काही नळ्यांत शुद्ध बिया एकट्याच ठेविल्या व काहींत त्या बुरशीसह ठेविल्या. एकट्या बिया फुगून हिरवट झाल्या, पण पुढे सरकेनात. बुरशीचा योग्य साथी मिळालेल्या बिया मात्र वाढीस लागल्या. आणखीही एक गोष्ट त्याला दिसून आली: वाटेल ती बुरशी उपयोगी पडत नाही. काही बुरशीचा बीजावर काहीच परिणाम होत नसे, आणि काही बुरशी बीजालाच खाऊन टाकीत असे. अन्नदाता व भक्षक ह्यांत किती थोडे अंतर असते, हे ह्या नळ्यांनी दाखविले. जर्मनीत हान्स बुर्गेफ ह्यांनीही स्वतंत्रपणे ह्याच विषयाचा अभ्यास करून १९०९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बेर्नार पुढे प्वातिए येथे प्राध्यापक झाला. परंतु १९११ च्या जानेवारीत, वयास सदतीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो मरण पावला. त्याच्या संशोधनाचा काळ जेमतेम बारा वर्षांचा. तेवढ्यात त्याने जे दाखविले ते आज सर्वमान्य आहे.

आता बीजाच्या आत काय घडते ते पाहू. वाऱ्याने उडालेले बी ओल्या सालीच्या भेगेत किंवा शेवाळात अडकते. तेथे जवळपास बुरशीचे तंतू पसरलेले असले, तर त्यांपैकी एखादा तंतू बीजाच्या एका टोकातून आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीपेशींतून वाढतो, व प्रत्येक पेशीत दोऱ्याच्या गुंडीप्रमाणे स्वतःस गुंडाळून घेतो. वस्तुतः हा शत्रूचा शिरकाव आहे. परंतु आमरीची पेशी त्यास बळी पडत नाही. काही दिवसांनी ती ही गुंडाळी विरघळवून टाकते व तिच्यातील सत्त्व आपल्या उपयोगास लाविते. गुंडाळी जिवंत असतानाही तिच्यातून काही द्रव्ये पेशीत येतच असतात. मग त्याच पेशीत नवे तंतू येतात, नवी गुंडाळी होते, व तीही जिरते. ह्या आयत्या जेवणावर बीजाचा एक लहान भोवऱ्यासारखा गोळा बनतो. त्याला शास्त्रज्ञ ‘प्रोटोकॉर्म’ म्हणतात. त्यास मूळ नसते, पानही नसते. कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने, तो ह्या स्थितीत राहतो, व मग कोठे त्याच्या शेंड्यास पहिले पान दिसते. जमिनीखाली वाढणाऱ्या काही जातींत तर हिरवे पान दिसण्यास वर्षेही लागतात.

बुरशी हे अन्न कोठून आणते? ती स्वतः हिरवी नाही, म्हणून सूर्यप्रकाशापासून अन्न करणे तिला शक्य नाही. उष्ण कटिबंधातील अरण्यात फांद्यांच्या बेचक्यांत सडकी साल, पाने, मेलेले शेवाळ ह्यांचा थर साठलेला असतो. आमरीस साहाय्य करणाऱ्या पुष्कळ बुरशी असला कुजका माल फोडून त्यातील साखर व इतर द्रव्ये मिळवितात. येणेप्रमाणे काल गळलेले पान बुरशीच्या द्वारे आज आमरीच्या कोंबात जाते. डार्विन ह्यांस जे कळले नव्हते त्याचे उत्तरही येथे बऱ्याच अंशी मिळते. लक्षावधी बिया सुटतात. पण योग्य बुरशी, योग्य ओल व योग्य जागा ह्या तिन्हींची गाठ क्वचितच एखादीस पडते. बाकीच्या तशाच मरून जातात. संख्या अफाट असण्याचे कारण यशाचा भाव अत्यल्प आहे, हे होय.

ह्या सिद्धान्तावर एक जोरदार आक्षेप निघाला, तोही वाचकांपुढे ठेविणे न्याय्य होईल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नड्सन ह्यांनी १९२२ साली असे दाखविले की, अगारच्या थरात क्षार व साखर मिसळून त्यावर आमरीचे बी पेरले, तर बुरशीवाचूनही ते रुजते. मग बेर्नारचे म्हणणे खोटे ठरले काय? आम्हांस तसे वाटत नाही. बीजास परक्याकडून अन्न मिळाले पाहिजे, ही गोष्ट नड्सन ह्यांच्या प्रयोगाने उलट अधिकच स्पष्ट झाली. बाटलीत ते अन्न माणसाने दिले, इतकेच. अरण्यात फांदीवर साखर पेरून ठेवणारा कोणी नाही. तेथे ते काम बुरशीच करिते. तथापि नड्सन ह्यांच्या शोधाचे मोल फार मोठे आहे. आज बाजारात जी आमऱ्यांची फुले व कुंड्या विकावयास येतात, त्यांपैकी लक्षावधी झाडांचा जन्म अशा बाटल्यांतून होतो. त्यामुळे एका कुंडीसाठी वृक्ष पाडण्याचे कारण उरलेले नाही.

ह्यापुढचा प्रश्न नीतिशास्त्राचा वाटेल, पण तो शास्त्राचाही आहे. आमरीस बुरशीपासून एवढे मिळते. बुरशीस आमरीपासून काय मिळते? शाळेच्या पुस्तकांत अशा जोड्यांस ‘सहजीवन’ म्हणून त्यांच्या मैत्रीचे गोडवे गाइलेले आढळतात. परंतु बुरशीस काही परत मिळते ह्याचा पुरावा फार दिवस कोणाजवळ नव्हता, व आमरी ही बुरशीस लुटणारी आहे असे म्हणणारे पंडित पुष्कळ होते. २००६ साली कॅमेरॉन, लीक व रीड ह्या इंग्लंडातील तिघा संशोधकांनी हिरव्या पानांच्या एका आमरीवर प्रयोग केला. ही आमरी उष्ण प्रदेशातील नसून थंड प्रदेशातील अरण्यांत जमिनीवर वाढणारी आहे. ज्याचा माग काढता येतो असा किरणोत्सर्गी कर्ब त्यांनी तिच्या पानांस दिला, व तो खाली बुरशीच्या तंतूंत उतरलेला त्यांस आढळला. बुरशीकडून नत्र आमरीकडे जातो हेही दिसून आले. सारांश, निदान ह्या जातीत तरी, लहानपणी घेतलेले ऋण मोठेपणी फेडले जाते.

परंतु ह्यावरून सर्व आमऱ्या प्रामाणिक आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आशियाच्या उष्ण प्रदेशांत व आपल्या पश्चिम घाटाच्या काही भागांतही ‘एपिपोगियम रोझियम’ नावाची एक आमरी आहे. तिला जन्मभर हिरवे पान येत नाही. पालापाचोळ्यातून तिचा फिक्कट दांडा अचानक वर येतो, फुलतो, बी धरितो व थोड्याच दिवसांत नाहीसा होतो. जपानी संशोधकांनी २००५ साली तिच्या भूमिगत भागांत, कुजक्या लाकडावर व पाल्यावर जगणाऱ्या अळंब्यांच्या जातीची बुरशी असल्याचे दाखविले, आणि पुढे २००७ साली त्याच बुरशीच्या संगतीने तिला बियांपासून फुलापर्यंत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. जिला आयुष्यभर स्वतः एक कणही अन्न तयार करिता येत नाही, ती परत काय देणार? एकाच कुलात एक ऋण फेडणारी व एक ऋणावरच जगणारी अशा दोन्ही आहेत. निसर्गापासून बोध घ्यावयाचा तर तो नीट पाहून घ्यावा. आपल्या मनातील सुभाषित त्याच्या तोंडी घालू नये, असे आम्हांस वाटते.

सर्वच आमऱ्यांस एकच बुरशी लागते असेही नाही. वेस्ट इंडीजमधील प्वेर्तो रिको बेटावर फांद्यांवर वाढणाऱ्या दोन आमऱ्यांची तुलना ओटेरो, अकरमन व बेमन ह्यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. एक ‘आयनॉप्सिस’ व दुसरी ‘टोलुम्निया’. दोघी एकाच बेटावर राहणाऱ्या व नात्यानेही जवळच्या. तथापि पहिलीच्या मुळांत एकाच निकटच्या गटातील बुरशी आढळली, तर दुसरीच्या मुळांत निरनिराळ्या गटांतील. पहिली एकाच सावकाराशी व्यवहार ठेवणारी, दुसरी अनेकांकडे खाते उघडणारी, असे म्हटल्यास चालेल. जिचा संबंध एकाशीच, तिच्यावर तो एक नाहीसा झाला म्हणजे काय प्रसंग येईल हे सांगावयास नको. म्हणून एखाद्या अरण्यातून आमरी नाहीशी झाली असता, केवळ तिची रोपे आणून लावल्याने काम भागत नाही. तिच्या संततीस लागणारी बुरशी तेथे उरली आहे की नाही, हेही पाहावे लागते. वृक्ष तोडला, साल वाळली, शेवाळ करपले, की ती बुरशीही जाते. आणि तिच्या जाण्याची नोंद करणारा कोणी नसतो, कारण ती कोणास दिसतच नाही.

असो. आता आपण आपल्या आंब्याखाली परत येऊ. आमच्या येथे दर वर्षी स्नेहसंमेलनापूर्वी आवाराची साफसफाई करण्याचा प्रघात आहे. त्या वेळी आवारातील झाडांची खोडे व खालच्या फांद्या खरवडून त्यांवरील शेवाळ काढीत, व खोडास चुना व गेरू लावीत. सीतेची वेणी आम्ही ज्या आंब्यावर मोठ्या कौतुकाने बांधिली, त्याचीही साल दर वर्षी अशीच खरवडून निघत होती. तिची मोठी झाडे पानांवर व पावसावर जगली. पण तिच्या बीजास ज्याच्या दारी जावयाचे, त्याचे घर आम्हीच झाडून पुसून साफ केले होते. हेच एक कारण होते असे आम्ही म्हणत नाही. शहराची कोरडी हवा, अरण्यापासूनचे अंतर, हीही कारणे असतील. तथापि ज्या कारणाचा दोष आमच्याकडे येतो, ते प्रथम सांगणे आम्हांस योग्य वाटले.

ह्या सर्वांतून आमच्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की, घाटात गेल्यावर फुललेली आमरी झाडावरून उपटून घरी आणू नये. ती घरी चार दिवस फुलेल. पण तिचा वंश तेथे चालावयाचा नाही, आणि जेथे तो चालला असता तेथून ती गेलेली असेल. वन्य आमऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून अमलात असलेल्या कराराने निर्बंध घातले आहेत, व आमऱ्यांचे संपूर्ण कुल त्या कराराच्या याद्यांत आहे. ह्यावरून विषयाचे गांभीर्य कळेल. दुसरी गोष्ट, आमरीचे उकललेले बोंड वाऱ्याने पडलेले सापडले, तर ते काळ्या कागदावर हलके झटकावे व उडालेली धूळ भिंगातून पाहावी. शेजारी हरभऱ्याचा भिजलेला दाणा उकलून ठेवावा. शिदोरी असणे व नसणे ह्यांतील भेद पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा त्या एका कागदावर अधिक स्पष्ट दिसेल. तिसरी गोष्ट, पावसाळ्यात कुजक्या ओंडक्याची सैल साल अलगद उचलून तिच्याखाली पसरलेले पांढरे तंतू पाहावे, आणि पाहून झाल्यावर साल होती तशी ठेवावी. त्या तंतूंची किळस करू नये. आमरीच्या फुलाची स्तुती सर्वच करितात. ते फूल ज्यांच्यामुळे होते त्यांच्यासारखेच हे तंतू असतात.

दोन वर्षांपासून त्या आंब्याची साल खरवडणे आम्ही बंद केले आहे. बेचक्यात आता हिरवे शेवाळ दाटले आहे, त्यात पाने अडकून कुजतात, व पाहुण्यांपैकी कोणी कोणी झाडाच्या अस्वच्छतेविषयी विचारतातही. त्यांस मुलेच उत्तर देतात. अद्याप रोप दिसलेले नाही. उद्या दिसेलच असे वचन कोणी द्यावे? परंतु ह्या वर्षी वेणीस पुन्हा बोंड धरले आहे, आणि ते उकलेल तेव्हा त्यातील बीजास निदान एखादे दार उघडे सापडावे, एवढी सोय आम्ही करून ठेविली आहे.